हत्तीच्या मापाचा बास

चवथीला चाकरमानी घरी येतात तेव्हा कुणी बायकोला पातळ आणतं, कुणी मुलांना बूट. आमचे हे आले ते चार तारा घेऊन. बिस्किटांच्या चपट्या डब्यात वेटोळं करून ठेवलेल्या, धामणीच्या पिल्लांसारख्या जाड. डबा माझ्या हातात देऊन म्हणाले, उंचावर ठेव, आनंदीच्या हाताला लागता कामा नये. आनंदी, आमची मुलगी, तेव्हा नुकती रांगू लागली होती. बापाला तिने ओळखलंच नाही. तोंड फिरवून माझ्या खांद्यात लपली आणि रडली. ह्यांना वाईट वाटलं असणार, पण मी डबा नेमका कुठल्या फळीवर ठेवते ते त्यांनी आधी पाहून घेतलं.

गोवा मोकळा होऊन चार-पाच वर्षं झाली होती. हे मुंबईला पास्कू मास्तरांच्या पार्टीत होते. मास्तर मूळचे मालवणचे, पण त्यांची पार्टी मोठ्या हॉटेलात वाजवी आणि लोक तिच्या तालावर नाचत. हे तिथे माणसाएवढं उंच व्हायोलिन उभं धरून वाजवीत. त्याला म्हणायचं बास. गाण्याच्या तळाशी तो आवाज असतो, कुणाचं लक्ष जात नाही, पण नसला तर सगळं पोकळ वाटतं, असं त्यांनी मला लग्नानंतर समजावलं होतं, आणि मला ते आवडलंही होतं. तर हॉटेलवाल्याने मास्तरांना सांगितलं, हे उभं धूड आता नको, सगळीकडे विजेची बास गिटार आली आहे, ती आणा. परदेशी गिटार घेणं आमच्या सात पिढ्यांना जमणारं नव्हतं. मास्तरांनी ह्यांना एवढीच सवलत दिली, की नाताळला मी मालवणला घरी येईन, तोवर कुठूनही एक पैदा कर, मी ऐकतो. सुरात वाजली तर जागा तुझी. नाही तर म्हापशाचा एक मुलगा स्वतःची गिटार घेऊन तयार बसला आहे.

त्या जागेला जोडून एक खोली होती. हे त्यांनी मला नंतर, तारांचं कौतुक सांगून झाल्यावर, बोलता बोलता सांगितलं. माझगावात मास्तरांच्या वारलेल्या मावशीची खोली रिकामी झाली होती, आणि ती ते पार्टीतल्याच कुणा बायकामुलंवाल्याला देणार होते. लग्न झाल्यापासून हे गावकऱ्यांच्या खोलीत राहत होते. आमच्या गावच्या, तोंडवलीच्या, पुरुषांची ती खोली. भिंतीला ट्रंका लावायच्या, पाळीपाळीने झोपायचं, बायकांना तिथे थारा नाही. म्हणून हे तिकडे आणि मी इकडे दाजींकडे, माझ्या सासऱ्यांकडे. आमचा संसार म्हणजे चवथ आणि शिमगा. माझ्या मुलीने बापाला पाहून रडू नये, एवढंच मला हवं होतं, आणि तेवढंच त्या चार तारांना टांगलेलं होतं.

एवढं कळल्यावर कुणालाही वाटेल, माणूस घाईने कामाला लागेल. हे लागले, पण निवडायला.

पहिली निवड लाकडाची. मुंबईच्या एका दोस्ताच्या बास गिटारीवर खाकी कागद ठेवून त्यांनी तिचं अख्खं चित्र काढून आणलं होतं, मानेवरच्या, बोट दाबायच्या पडद्यांच्या रेघांसकट, तारा जिथे येऊन टेकतात त्या घोडीसकट. तो कागद घेऊन ते खाडीकाठी गंगाराम मेस्तांच्या मांडवात गेले. गंगाराम मेस्त होड्या बांधायचे. आमच्या किनाऱ्याला त्यांच्या हातची होडी कधी कुशीवर पडली नाही, असं लोक म्हणत. मेस्तांनी कागद उलटा-सुलटा पाहिला आणि विचारलं की ह्याला वल्हं कुठे लावायचं. तरी त्यांनी काम घेतलं. लाकूड मात्र हे ठरवणार होते. सागवान जड पडेल, आंबा किडेल, शिवण बरी पण तेवढी रुंद मिळेना. जिथे फळी दिसेल तिथे हे वाकून तिच्यावर बोटाच्या पेरांनी टकटक करायचे आणि कान लावून ऐकायचे. शेजारच्या यशोदेच्या माजघरातल्या फळीवर, तिच्यावर लोणच्याच्या बरण्या असताना, केलं. शेवटी धामापुराहून फणसाची एक जुनी फळी आली, पिवळीधमक. तीसुद्धा अंगणात टेकून ठेवून दोन्ही बाजूंनी वाजवून झाल्यावर पसंत पडली.

दाजी ओटीवर बसून हे सगळं बघत होते. "सून बघूक गेललंय तेवा माका इतको येळ लागलो नाय," ते म्हणाले. "आणि ती बोलत तरी होती."

मेस्त फळी तासायला लागले तशी दुसरी निवड आली. तारेचा आवाज विजेत कसा जातो, हे मला ह्यांनी अनेकदा समजावलं. खाली लोहचुंबक ठेवायचं, त्याच्याभोवती केसासारखी तांब्याची तार गुंडाळायची. मालवणात लवू रेडिओ दुरुस्त करायचा. त्याने मोडक्या भोंग्यातली चुंबकं दिली आणि जळलेल्या कसल्याशा यंत्रातून सोडवलेली तारही दिली. आमच्या गावात तेव्हा विजेचा खांबसुद्धा नव्हता, आणि आमच्या घरात विजेच्या वाद्याची तार गुंडाळायची होती. कशावर, तर माझ्या शिवणाच्या यंत्रावर. माहेराहून आलेलं हातयंत्र, त्याला रीळ भरायचं छोटं चाक आहे. ह्यांना त्या चाकासारखी दुसरी वस्तू साऱ्या पंचक्रोशीत दिसली नाही.

तेव्हा दसऱ्याची शिवणं माझ्याकडे येऊन पडली होती. आनंदी निजली की तेवढ्याच वेळात मी यंत्रावर बसायची. आता त्याच वेळात हे बसायला लागले. तार इतकी बारीक की श्वास सोडला तरी तुटायची. तुटली की सगळी सोडवून पहिल्यापासून. घट्ट गुंडाळलेली बरी की सैल, लाखेत बुडवावी की मेणात, एक रीळ करावं की दोन, ह्यावर ते स्वतःशीच वाद घालायचे आणि निकाल मला विचारायचे. यशोदा चोळीसाठी दारात येऊन उभी राहायची. मी तिला काय सांगणार? घरातल्या सुया, टाचण्या, माझी कात्री, सगळं त्या चुंबकांना जाऊन चिकटायचं. एकदा आनंदीच्या मुठीतून एक चुंबक काढलं तर त्याला माझ्या यंत्राचा हरवलेला मळसूत्री खिळा चिकटलेला निघाला. तेवढा एक फायदा झाला.

मग आले कान. तारा पिळून घट्ट करायच्या खुंट्यांना हे कान म्हणत. ह्यांनी दोन जोड आणले होते, एक मोडक्या गिटारीचा, नाजूक, आणि एक जुन्या उभ्या व्हायोलिनचा, पितळी, दात्यांचा, नारळ सोलायच्या यंत्रासारखा. नाजूक कान जाड तारांना पेलतील की नाही, ही भीती. पितळी लावले तर वाद्याचं डोकं जड होऊन मान खाली पडेल, ही दुसरी भीती. मी मागीलदारी बांगडे साफ करायला बसले की हे दोन्ही मुठी पुढे करून उभे.

"ह्ये बरे काय ह्ये बरे?"

मी म्हटलं, पितळी.

"जड आसत गो."

मग दुसरे लावा, म्हटलं.

"ते तुटतले."

मी म्हटलं, मग मला विचारता कशाला. त्यावर ते म्हणाले की तुला विचारलं म्हणजे मला स्वतःचं काय मत आहे ते कळतं. आणि उद्या पुन्हा त्याच मुठी, तेच बांगडे. आवाज कमी-जास्त करायच्या बटणांचंही तेच. लवूकडे जुन्या रेडिओंची काळी होती आणि सायीच्या रंगाची होती. काळी गंभीर दिसतात, सायीची अंधाऱ्या हॉटेलात सापडतात. मला एखादे वेळी वाटे की हा माणूस असा फिरत राहणार, नाताळ येऊन जाईल, आणि आनंदी चालायला लागून, शाळेत जाऊन, लग्न होऊन सासरी गेली तरी ह्यांचे कान ठरलेले नसतील.

तरीही, खरं सांगायचं तर, संध्याकाळी मांडवातून परत येताना ह्यांच्या केसांत फणसाचा पिवळा भुसा असे आणि अंगाला ओल्या लाकडाचा वास. आनंदी आता त्यांना बघून रडत नव्हती. त्यांच्या केसांतला भुसा वेचून तोंडात घालीत होती. लग्न झाल्यापासून हे इतके दिवस सलग घरी कधी राहिले नव्हते. मी रागावे, आणि राग संपत आला की मनात येई, ठरू दे सावकाश.

दिवाळी झाल्यावर वाद्य उभं राहिलं. पितळी कान लागले. मानेवर सोनाराने ठोकून दिलेले पितळेचे पडदे कागदावरच्या रेघांबरहुकूम बसले. घोडी मालवणच्या तांबटाने ओतून दिली, कारण लोखंड आमच्याकडे एका पावसात गंजून जातं. ती मेस्तांनी होडीच्या रीतीने बसवली. तांब्याचे खिळे आरपार मारून मागून वळवून ठोकले, की समुद्र आदळला तरी हलणार नाही. वरून ते होडीला लावतात ते माशाचं तेल लावणार होते; हे धावत गेले म्हणून वाचलो. दाजी त्याला विजेचा तंबोरा म्हणू लागले. मला ते सुंदर वाटलं. बोलले नाही एवढंच.

आनंदीला देवी टोचायला मालवणच्या दवाखान्यात न्यायचं होतं, म्हणून त्या दिवशी आम्ही तिघंही गेलो आणि तिथून लवूच्या दुकानात. मोठ्या रेडिओच्या पाठीमागे ग्रामोफोन जोडायची भोकं असतात, त्यात लवूने वाद्याची पिन घातली. ह्यांनी जाड तार मोकळी छेडली. आवाज कानाला नव्हे, पायांना ऐकू आला. फळीवरच्या काचा थरथरल्या. टोचल्यापासून रडणारी आनंदी गप्प झाली आणि जमिनीवर दोन्ही तळवे टेकून बसली, जणू खाली कुणी आहे. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. ते तसं बघणं मी लग्नानंतर बऱ्याच दिवसांनी पाहत होते.

मग त्यांनी पडद्यावर बोट दाबलं.

मला सुरातलं कळत नाही, पण घरात दोन माणसं एकमेकांचं न ऐकता बोलताहेत हे कळतं. मोकळी तार एक म्हणे, दाबलेली तार भलतंच. मानेवर जसजसं वर चढावं तसतसा सूर खाली बसे. त्यांनी पुन्हा जुळवलं, पुन्हा वाजवलं. लवूने रेडिओचा कान पिळून पाहिला. बाहेर दोन माणसं थांबली होती, ती निघून गेली.

सकाळी ह्यांना कारण सापडलं होतं: तारा जुन्या. तारांसाठी मुंबईला निरोप गेला, तारा आल्या, तेच. मग दोष गुंडाळलेल्या तांब्याचा. माझं यंत्र पुन्हा गेलं, आता नाताळाच्या झग्यांची शिवणं होती. तेच. मग कान घसरत असणार. पितळी काढले, नाजूक लावले, नाजूक जोडातला एक वाकला, पितळी परत लावले. शेवटी बटणं बदलायला निघाले तेव्हा मला राहवेना. बटणांनी सूर उतरतो का, मी विचारलं. म्हणाले, तुला त्यातलं कळत नाही. मी म्हटलं, मला एवढं कळतं की नाताळ जवळ आला आहे आणि म्हापशाचा मुलगा बटणं बदलत बसलेला नाही.

ते बाहेर गेले. आनंदी झोपली होती. मी एका पोरीचा झगा बेतायला कापड पसरलं आणि बेतासाठी कागद शोधताना त्यांचा खाकी कागद हाती आला. बेत कापडाला जुळतो की नाही हे मी आधी बघते, मग कात्री. तर सहज तो कागद वाद्यावर ठेवला. वरचं टोक जुळलं. पडदे एकूण एक रेघेवर बसले. कागद हाताने सपाट करीत खाली आले आणि घोडीपाशी थांबले. कागदातली घोडी वर होती, वाद्यातली खाली. मधे एक बोट आडवं मावेल एवढी जागा.

हे आल्यावर दाखवलं. आधी म्हणाले, कागद दमट हवेने आक्रसला असेल. मी म्हटलं, फक्त पोटातच आक्रसला काय? मग ते खाली बसले, कागद पुन्हा ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला. आणि तसेच उठून मेस्तांकडे निघाले. मागून मी, काखेत अर्धवट जागी आनंदी, आणि काठी टेकत दाजी, कारण काही होणार आहे हे त्यांना चालण्यावरून कळलं होतं.

गंगाराम मेस्त एका होडीच्या फटींत कापूस भरीत होते. ह्यांनी विचारलं तेव्हा त्यांनी वरसुद्धा पाहिलं नाही.

"व्हय, बोटभर वाढवलंय," ते म्हणाले.

कित्याक, ह्यांनी विचारलं.

"आय बरो नाय इलो."

होडी असो की घर, मेस्त आधी आय काढतात. लांबी बोटांनी मोजायची, आठाने भागायची, आणि जे उरेल त्यावरून ती वस्तू कोण ते ठरतं. एक उरला तर झेंडा, तीन सिंह, पाच बैल. पण चार कुत्रा, सहा गाढव. सात हत्ती. वाईट आयाची होडी मासळी आणत नाही, वाईट आयाच्या घरात भांडणं सरत नाहीत. आमच्याकडे हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मेस्तांनी खाकी कागदावरचं वाद्य डोक्यापासून शेपटीपर्यंत मोजलं होतं, आणि सहा उरले होते.

"गाढव," मेस्त म्हणाले. "परदेशातलो मेस्त, तेका काय ठावक. मी पोटात एक बोट वाढवलंय, हत्ती झालो. होडयेक पण वाढवूचा तर पोटातच वाढवतत."

आमचे हे एरवी आवाज चढवणारे नव्हेत. त्या दिवशी चढवला. सांगायचं तरी होतं, म्हणाले; तार लांब झाली, पडदे जागेवर राहिले, सगळं वाद्य खोटं पडलं, माझी जागा गेली. आत्ताच्या आत्ता काप. मेस्त म्हणाले, कापणार नाही. गाढवाच्या मापाची वस्तू त्यांच्या हातून आजवर बाहेर पडली नव्हती, आणि ह्या वयात पडणार नव्हती. ह्यांनी दाजींकडे पाहिलं, बापाने तरी समजवावं म्हणून. दाजी म्हणाले, मेस्तांचं खोटं नाही. पोरगा परक्या मुलखात पोटासाठी जाणार, आणि सोबत गाढव घेऊन?

"दाजी, ता वाजणा नाय," हे म्हणाले.

"हत्ती कधी वाजता रे? तो नुसतो बरोबर आसलो तरी पुरे."

हे वाद्य उचलून घरी आले आणि पकडीने घोडीचे खिळे स्वतः उपटायला बसले. मागून वळवून ठोकलेला खिळा उपटायचा म्हणजे फळी फोडायची. फणसाची एक चिरफळी उडाली तेव्हा मी पकड काढून घेतली. ते तिथेच ओटीच्या कडेला बसून राहिले, हात गुडघ्यांवर टाकून. मला तेव्हा त्यांच्या डोळ्यांत माझगावची खोली दिसली. ती त्यांनाही माझ्याएवढीच हवी होती, फक्त त्यांना ती कानांतून आणि बटणांतून मागता येत होती.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच मांडवात गेले. म्हणजे मी आणि आनंदी. मेस्तांना वाटलं मी रडायला आले. त्यांनी आनंदीला खेळायला लाकडाचा गुळगुळीत तुकडा दिला आणि मला म्हणाले, सुनबाई, आयाच्या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही.

मी म्हटलं, मी आयाचंच विचारायला आलेय. होडीला शीड असतं, शिडाला दोऱ्या असतात. "मेस्तांनू, होडयेचो आय काढतास तो लाकडाचो काय दोरयेचो?"

"दोरयेचो आय कोण काढता गो?" मेस्त म्हणाले. "दोरी आज हंय बांधूची, उद्या थंय. आय लाकडाचो."

"आणि ह्या घोडयेचा काम काय? तार धरूचा."

मेस्तांनी कापूस भरायचा थांबवला.

"तार म्हणजे दोरीच," मी म्हटलं. "घोडी बोटभर फुडे सरली तर लाकडाचा काय जाता? हत्तीचो हत्तीच रवता."

त्यांनी चंची काढली, पान लावलं, खाल्लं. होडीच्या कण्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला भीती वाटली की ते रागावले. पण ते हिशेब करीत होते.

"मगे ह्या परशुरामान माका आदी कित्याक नाय सांगल्यान?" ते म्हणाले. "तो आपलो नुसतो काप म्हणता, काप म्हणता. कापूचा कित्याक? हाड हंय."

आण इकडे, म्हणजे. मी घरून ह्यांना वाद्यासकट बोलावून आणलं, मागोमाग दाजीही आले. घोडी निघाली असती ती फक्त मेस्तांच्याच हाताने. कुठल्या खिळ्याचं टोक कुठल्या बाजूला वळवलं आहे हे त्यांनाच ठाऊक. जुन्या भोकांत त्यांनी फणसाच्याच मेखा ठोकल्या, तासल्या, ह्यांनी उडवलेली चिरफळीही चिकटवली. मग कागद ठेवून घोडी कागदावरच्या जागी बसवली. आणि एवढं होऊनही शेवटी पुन्हा डोक्यापासून शेपटीपर्यंत बोटं मोजली. सात उरले. दाजींनी मान डोलावली. घरी येताना ह्यांनी आनंदीला माझ्याकडून घेतलं आणि वाद्य माझ्याकडे दिलं. इतक्या महिन्यांत ते त्यांनी कुणाच्या हातात दिलं नव्हतं. भयंकर जड होतं.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी पास्कू मास्तर लवूच्या दुकानात आले. चर्चमधल्या कपड्यांतच होते, काळा कोट, हातात केकचा पुडा. मी आनंदीला घेऊन मागे, रिकाम्या खोक्यावर बसले. ह्यांनी वाजवलं. हळू, मग जलद, मान चढत वर, मग खाली. मी ह्यांच्या बोटांकडे नाही, मास्तरांच्या बुटाकडे पाहत होते. तो बूट बराच वेळ स्वस्थ होता. मग त्याचं टोक हलायला लागलं.

मास्तरांनी वाद्य स्वतः घेतलं, सगळ्यात वरच्या पडद्यावर बोट ठेवून छेडलं, मोकळी तार छेडली, पुन्हा वर. कान तिरका करून ऐकलं. मग गळ्यातला पट्टा सावरीत कण्हले.

"आवशीक खाव, कितक्या जड ह्या," ते म्हणाले. "परशुराम, ह्येच्यात बसान दर्यातल्या किल्ल्यार जावक येतला." आणि वाद्य परत देत म्हणाले, "सुरात आसा. नव्या वर्साक येवन मीळ माका."

माझ्या मांडीवर आनंदी होती, तिला मी इतकं घट्ट धरलं की ती कुरकुरली. ह्यांच्या तोंडावर हसू आलं, आणि ते पुरतं येऊन स्थिरावायच्या आत ह्यांनी मास्तरांना विचारलं, कान हेच ठेवू की बदलू? मुंबईत हलके मिळतात म्हणे. आणि बटणं, हॉटेलात अंधार असतो ना? सायीची लावू काय? मास्तर घड्याळ बघत होते. केकचा पुडा दुसऱ्या काखेत घेतला. ते निघाले असते आणि हे अजून बटणांवर असते.

आमच्याकडे बाईमाणूस परक्या पुरुषाशी नवऱ्यादेखत असं बोलत नाही. मी उठले.

"मास्तरांनू, त्या खोलयेत चूल मांडूक गावतली मा?"

मास्तरांनी पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं, मग आनंदीकडे. ह्यांचं बोलणं अर्धवट राहिलं.

"चूल नको गो बाय, वरचो माळो पेटतलो," ते म्हणाले. "मावशेचो स्टोव आसा थंय, तो घे. फक्त एक आधीच सांगतंय, पलीकडच्या खोलयेत माझो ट्रंपेटवालो रवता. दिसभर फुकता."

मी म्हटलं, आमची मुलगीही रडते.

"रडांदे मगे," मास्तर म्हणाले. "तेका तरी कळांदे." आणि केकचा पुडा सोडून त्यांनी एक तुकडा आनंदीच्या हातात दिला.

लवूने रेडिओची पिन काढली. मी गोधडी पसरली, वाद्य गुंडाळून घ्यायला मागे वळले. ह्यांनी तोवर एक कान काढून खिशात टाकला होता. म्हणाले, नुसता नमुन्याला नेतो, तिकडे दाखवायला. मी हात पुढे केला आणि ते तो देईपर्यंत हात खाली घेतला नाही.